हक्क आणि पुरावा

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावा असें गेलीं तीन-चार वर्षें घाटत आहे. कुलवृत्तांत म्हटला म्हणजे त्यांत काय असावयाचें हें वाचकांस सांगावयास नकोच. मूळ पुरुष, त्याच्या शाखा-उपशाखा, कोणी कोठें मामलेदार होता, कोणास किती अपत्यें झालीं, आणि अधूनमधून एखाद्या पूर्वजाच्या औदार्याची हकीकत. आजोबांवरील टिपण लिहिण्याचें काम वडील मंडळींनीं माझ्यावर सोंपविलें. मीं आयुष्यभर इतिहास शिकविला आहे आणि आतां मला दुसरा उद्योग नाहीं, हें त्याचें कारण.

आजोबांविषयीं आमच्या घरीं एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगतात. १९३२ च्या सप्टेंबरांत पुणें-करार झाला आणि त्यानंतर कांहीं दिवस देशांत ठिकठिकाणीं देवळें व पाणवठे खुले करण्याची लाट उसळली. तेव्हां कुलाबा जिल्ह्यांतील आमच्या लहानशा गांवीं आजोबांनीं आपल्या परसांतील विहीर अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुली केली आणि त्यापायीं भाऊबंदांचा रोष पत्करला, अशी ती गोष्ट आहे. मीं ती इतक्या वेळां ऐकली होती कीं वर्गांत त्या वर्षाचा इतिहास सांगतांना, नांव न घेतां, एकदोनदां उदाहरण म्हणून दिलीहि होती.

टिपणास एखादी नक्की तारीख असावी, येवढ्याच हेतूनें मीं माळ्यावरील जुन्या किर्दी काढल्या. त्या मोडींत आहेत. त्या वर्षाच्या कार्तिकांत गवंड्याची मजुरी, चुना आणि चिरे असा खर्च पडला आहे, आणि त्यापुढें "गडग्याबाहेरील हौद" असे शब्द आहेत. त्यानंतर दरमहा हौद भरण्याबद्दल एका गड्यास आठ आणे. अर्थ उघड होता. विहीर खुली झाली नव्हती. आमचा गडी विहिरीचें पाणी काढून गडग्याबाहेर ओतीत होता, आणि तें बाहेरच्या बाहेर नेण्याची मुभा मिळाली होती.

नव्वदीच्या घरांत असलेल्या आमच्या आत्याबाईंस मीं हें सांगितलें. त्या कांहीं वेळ बोलल्याच नाहींत. मग म्हणाल्या, "तूं मोडी वाचायला शिकलास तो यासाठींच का रे?" आणि थोड्या वेळानें, "बरें, हौद तर हौद. तेवढें तरी त्या गांवांत दुसऱ्या कोणीं केलें?"

आत्याबाईंच्या ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला अद्याप नीटसें सांपडलेलें नाहीं. परंतु त्यामागून मला एक निराळाच प्रश्न पडला, आणि प्रस्तुत लेख त्याविषयीं आहे. समतेच्या चळवळींचा इतिहास आपण इतक्या आस्थेनें शोधतों तो कशासाठीं? विहीर खुली असावी, ह्या गोष्टीस आमच्या आजोबांची साक्ष मुळीं लागावीच कां? हौदाची नोंद सांपडतांच मला जी लाज वाटली, ती आजोबांच्या वर्तनाची होती, कीं मीं एका निर्विवाद हक्काला घरगुती आख्यायिकेचा टेकू देत आलों होतों, त्याची होती?

ह्या प्रश्नाचा खल आमच्याच जिल्ह्यांत उद्भवलेल्या एका दाव्यांत झालेला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्या तळ्यावरून दहा वर्षें चाललेला दिवाणी दावा फारच थोड्यांस ठाऊक असतो. सरकारी पैशानें बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या, असा ठराव १९२३ सालीं सीताराम केशव बोले ह्यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मंजूर करून घेतला. पुढच्याच वर्षीं महाडच्या नगरपालिकेनें आपलें तळें सर्वांस खुलें असल्याचें जाहीर केलें. कागदावर तें खुलें झालें आणि तीन वर्षें कोणी त्याकडे फिरकलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं परिषदेचे प्रतिनिधि मिरवणुकीनें जाऊन तेथील पाणी प्याले, तेव्हां तो कागद प्रथमच खरा ठरला. त्यानंतर परतणाऱ्या मंडळीवर झालेला हल्ला, आणि पंचगव्याच्या घागरी ओतून केलेली तळ्याची "शुद्धि", ह्या गोष्टी मी येथें विस्तारानें सांगत नाहीं. त्याच सालच्या ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव रद्द केला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा होता. तत्पूर्वीं कांहीं स्पृश्य नागरिकांनीं दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारों माणसें जमलेलीं असतां डॉ. आंबेडकरांनीं तो हुकूम पाळून सत्याग्रह तहकूब केला. त्या परिषदेंत मनुस्मृति जाळली गेली, हें लोकांच्या लक्षांत राहिलें. न्यायालयाचा शब्द पाळला गेला, हें राहिलें नाहीं.

वादींचें म्हणणें काय होतें? तळें खाजगी आहे हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा असा कीं, अस्पृश्यांनीं तेथें पाणी भरावयाचें नाहीं ही रूढि अनादि कालापासून चालत आलेली आहे. आपल्या न्यायालयांनीं इंग्रजी कायद्यापासून घेतलेला एक दंडक आहे: रूढीस कायद्याचें बळ यावयाचें असेल तर ती पुरातन असली पाहिजे, निश्चित असली पाहिजे, आणि न्यायबुद्धीस सोडून असतां कामा नये. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरून वादी मुंबईच्या हायकोर्टांत गेले. १७ मार्च १९३७ रोजीं न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया ह्यांनीं त्यांचें अपील फेटाळलें. (हेच ब्रूमफील्ड १९२२ सालीं अहमदाबादेस गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश.) तळें नगरपालिकेचें ठरलें, आणि रूढि अनादि असल्याचें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं, ह्या मुद्यावर निकाल लागला.

निकाल योग्य लागला ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु मी जेव्हां जेव्हां त्याचा विचार करितों, तेव्हां माझ्या मनांत एक कांटा सलतो. तळें मोकळें झालें तें अन्याय हा अन्याय आहे म्हणून नव्हे, तर तो पुरेसा जुना ठरला नाहीं म्हणून! आतां असें समजा कीं, वादींस एखादा ताम्रपट सांपडला असता. पांचशें वर्षांपूर्वींच्या कोणा राजानें अमुक जातींनीं येथें पाणी भरूं नये असें त्यावर कोरविलें असतें, आणि अक्षरवटिका, कालगणना, राजमुद्रा सर्व निर्दोष ठरलें असतें. त्या ताम्रपटानें काय सिद्ध झालें असतें? अन्याय पांचशें वर्षें चालला, येवढेंच. तहानेस त्याचें काय? उन्हांतून चालून आलेल्या बाईची घागर पांचशें वर्षांच्या पुराव्यानें भरत नाहीं आणि रिकामीहि होत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं महाडास स्पष्टच सांगितलें होतें कीं, त्या पाण्यांत कांहीं अमृत आहे म्हणून आम्ही आलेलों नाहीं. आम्हीहि माणसें आहोंत हें दाखविण्यास आलों आहोंत. माणूसपण कोणत्या सालापासून सुरू झालें, असा प्रश्न त्यावर कोण विचारणार? पण दाव्याच्या भाषेंत तोच प्रश्न विचारावा लागला, आणि दहा वर्षें साक्षीपुरावे झाले.

ह्याच्या नेमकी उलट चूक आपल्याकडील सुधारकांनींहि केलेली आहे, आणि ती अधिक गोड असल्यामुळें अधिक दिवस टिकली. प्राचीन काळीं आपल्याकडे समता होतीच, स्त्रियांस अधिकार होतेच, भेद मागाहून शिरले. म्हणून आपण नवें कांहीं मागत नसून हरवलेलें परत मागतों, असा हा युक्तिवाद आहे. विधवाविवाहाच्या वादांत पराशरस्मृतींतील एका श्लोकावर केवढा भार पडला! १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांपुढें त्यावर शास्त्रार्थ झाला, श्लोकाच्या एकेका पदाचा कीस काढला गेला, आणि पुनर्विवाहपक्षाचा पराभव झाला. त्या पराभवानें विधवांच्या दुःखांत एका गुंजेचाहि फरक पडला होता काय? आगरकरांचें ह्याविषयींचें मत कठोर होतें, आणि मला तें बरोबर वाटतें. जें उघड न्याय्य आहे त्यास शास्त्राधार शोधीत बसणें म्हणजे निवाडा मेलेल्यांच्या हातीं देणें होय. आज एक श्लोक आपल्या बाजूचा निघाला म्हणून हर्ष मानावा, तर उद्यां दुसरा निघाला म्हणजे मान खालीं घालावी लागणार. भूतकाळ हा कांहीं आपला वकील नव्हे. त्याची साक्ष बोलावली कीं तो उलटतपासणींत काय बोलेल ह्याचा भरंवसा नाहीं.

येथें वाचक म्हणतील कीं, दावा लढणाऱ्यास असले सूक्ष्म विचार परवडत नाहींत. विहिरींत पडलेल्यानें हातीं येईल तो दोर धरावा. हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळावा असें मला वाटत नाहीं. त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र अमेरिकेंतील आहे. त्या देशाशीं आपला संबंध जुनाच आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं "गुलामगिरी" प्रसिद्ध केली, ती गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केली होती. कायद्याचें समान संरक्षण सर्वांस मिळावें असें सांगणारी तेथील घटनेची चवदावी दुरुस्ती मंजूर होऊन तेव्हां पांचच वर्षें झालीं होतीं. जोतीरावांस पुढची हकीकत कळती तर त्यांस अतिशय दुःख झालें असतें. ते १८९० सालीं वारले. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, काळ्यांस वेगळ्या डब्यांत बसविलें तरी डबा सारखाच असेल तर समतेचा भंग होत नाहीं. वेगळें पण समान! आमच्या गडग्याबाहेरील हौदाचें तत्त्वज्ञान ह्याहून काय निराळें होतें? पाणी एकाच विहिरीचें होतें.

शाळांतील ह्या वेगळेपणाविरुद्ध निग्रो समाजाच्या संस्थेनें लावलेले दावे १९५२ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयापुढें आले. न्यायालयानें १९५३ च्या जूनमध्यें फेरसुनावणीचा हुकूम काढून उभय पक्षांस प्रश्न घातले, आणि त्यांतील पहिला प्रश्न इतिहासाचा होता. ज्यांनीं ती दुरुस्ती केली व ज्यांनीं ती मान्य केली, त्यांच्या मनांत शाळांतील भेद बंद व्हावा असें होतें काय? म्हणजे पुन्हां तेंच. मेलेल्यांस काय वाटत होतें तें सांगा, मग जिवंत मुलांचें पाहूं.

वादींचे वकील थर्गुड मार्शल ह्यांनीं इतिहासाचे अभ्यासक गोळा केले. जॉन होप फ्रँकलिन, सी. व्हॅन वुडवर्ड, आल्फ्रेड केली अशीं त्यांत मातबर नांवें होतीं. त्यांनीं उन्हाळा व शरद् ऋतु जुन्या कामकाजाचीं दप्तरें चाळण्यांत घालविला. त्यांच्या हातीं जें लागलें तें सरळ नव्हतें. समतेच्या बाजूचीं भाषणें होतीं. पण ज्या काँग्रेसनें दुरुस्ती केली, तिच्याच अधिकारांतील वॉशिंग्टन शहरांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या चालत होत्या, हेंहि होतें. आतां काय करावें? केली ह्यांनीं कांहीं वर्षांनीं उघडपणें कबूल केलें कीं, त्या दिवसांत आपण इतिहासकाराचें काम सोडून वकिलाचें काम करीत होतों; अनुकूल तें पुढें मांडावें आणि प्रतिकूल असेल त्याची धार बोथट करावी. एका प्रामाणिक विद्वानानें स्वतःविरुद्ध दिलेली ही साक्ष आहे, आणि ती वाचून मला त्यांच्याविषयींचा आदर वाढल्यासारखें वाटलें. त्यांनीं केलें तें वाईट होतें काय? मीं त्यांच्या जागीं असतों तर बहुधा तेंच केलें असतें. परंतु तें केल्यावर तें इतिहास म्हणून शिकविलें नसतें, असें म्हणावयास मला आवडेल. माझा विहिरीचा अनुभव पाहतां तसें खात्रीनें म्हणवत नाहीं.

शेवट काय झाला तें पाहण्यासारखें आहे. १७ मे १९५४ रोजीं नऊहि न्यायाधीशांनीं एकमतानें वेगळ्या शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. मुख्य न्यायाधीश वॉरन ह्यांनीं निकालांत सांगितलें कीं, इतक्या परिश्रमानें मांडलेल्या इतिहासावरून प्रश्नाचा निर्णय होत नाहीं. आजच्या काळीं शिक्षणाचें जें स्थान आहे तें पाहूनच निवाडा केला पाहिजे. वेगळेपणानें मुलांच्या मनावर काय परिणाम होतो ह्याकडे त्यांनीं पाहिलें. दोन्ही बाजूंच्या पंडितांनीं सहा महिने रचलेला डोंगर न्यायालयानें बाजूस ठेविला आणि मुलांकडे पाहून प्रश्न सोडविला. माझ्या मतें महाडच्या निकालांत जें राहून गेलें तें येथें झालें.

मग इतिहास शोधूंच नये काय? असें मी म्हटलें तर माझ्या आयुष्याचा व्यवसायच फुकट गेला. वर ज्यांचें नांव आलें त्या जॉन होप फ्रँकलिन ह्यांची एक हकीकत ह्या ठिकाणीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९३९ सालीं ते तरुण संशोधक म्हणून उत्तर कॅरोलायना संस्थानच्या दप्तरखान्यांत गेले. तेथील प्रमुखानें सांगितलें कीं, ही इमारत बांधतांना एखादा निग्रो येथें संशोधनास येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. त्यामुळें बसावयास जागा नाहीं. कांहीं दिवसांची मुदत मागून घेऊन त्यानें त्यांच्यासाठीं एक निराळी खोली तयार केली. पुढें अडचण अशी आली कीं, गोऱ्या नोकरांनीं काळ्या माणसास कागद आणून कसे द्यावे? म्हणून मूळ दप्तराच्या दालनाची किल्लीच फ्रँकलिन ह्यांच्या हातीं देण्यांत आली. त्यांनीं आंत जावें आणि हवे ते कागद स्वतः घ्यावे. दोन आठवड्यांत गोऱ्या संशोधकांनीं तक्रार केली. आम्हांस मागणी लिहून तिष्ठत बसावें लागतें आणि ह्यांस मात्र किल्ली, हा आमच्यावर अन्याय आहे! किल्ली परत घेण्यांत आली.

ही गोष्ट ऐकून हंसूं येतें खरें, पण ती नुसती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. जुन्या अन्यायाचे कागद ठेवतो कोण, त्यांची किल्ली कोणाच्या कमरेस असते, आणि त्या दालनांत कोणास बसावयास खुर्ची मिळते, हा स्वतःच समतेचा प्रश्न आहे. आमची किर्द आजोबांनीं लिहिली. हौदावरून ज्या बायकांनीं पाणी नेलें त्यांनीं किर्द लिहिली नाहीं. चवदार तळ्यापर्यंत चालत गेलेल्यांपैकीं किती जणांचीं नांवें आज कोणास सांगतां येतील? वादींचें म्हणणें मात्र निकालपत्रांत सविस्तर नमूद आहे. नकार देणाऱ्याची भाषा कागदावर उतरते, कारण नकारास कारणें द्यावीं लागतात. तहान कोणी लिहून ठेवीत नाहीं. जोतीरावांनीं बळिराजाची कथा उलटी वाचून जो इतिहास रचला, त्याच्या प्रत्येक विधानास पुरावा मागणारे पंडित बरोबरच आहेत. पण ज्यांच्या हातीं लेखणीच दिली नव्हती त्यांच्याकडून कागद मागण्यांत कांहीं अवघडल्यासारखें वाटूं नये, हें मला समजत नाहीं. १९४८ सालीं अस्पृश्यतेच्या मुळाविषयीं ग्रंथ लिहितांना डॉ. आंबेडकरांनीं प्रस्तावनेंतच सांगून टाकलें कीं, जेथें दुवे तुटले आहेत तेथें आपण कल्पनेनें ते जोडले आहेत. त्यांचा सिद्धान्त मान्य असो वा नसो, शिवण कोठें आहे तें त्यांनीं दाखविलें. आमच्या घराण्याच्या गोष्टींत शिवण दिसत नव्हती.

मला वाटूं लागलें आहे तें असें. हक्क जर पुराव्यावर टांगलेला असेल, तर पुराव्याशीं खोटें वागण्याचा मोह कोणासहि होईल, आणि तो होऊं नये असें म्हणणें निष्ठुरपणाचें ठरेल. पण हक्क जर आपल्या पायांवर उभा असेल, तर इतिहास शोधणारास मोकळा श्वास घेतां येतो. कागदांत काय निघेल ह्याची त्यास भीति नको. आजोबांनीं हौद बांधिला म्हणून विहीर बंद ठेवण्याचा अधिकार सिद्ध होत नाहीं, आणि त्यांनीं विहीर खुली केली असती तरी ती त्यांच्या दानानें कोणाची झाली नसती.

गेल्या पौषांत मी गांवीं गेलों होतों. पलीकडच्या वस्तींत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांस मीं हौदाविषयीं विचारलें. त्यांच्या आईनें त्यांस सांगितलेलें असें कीं, वैशाखांत हौद दुपारींच आटे. मग गडग्याबाहेरून गड्यास हांक मारावी लागे, आणि तो शेतावर गेला असला तर तो येईपर्यंत उन्हांत बसावें लागे. विहीर तेथून वीस पावलांवर होती. गुरुजी हें सांगतांना चिडले नाहींत, किंबहुना त्यांनीं मला चहा पाजला. "तुम्ही हें पुस्तकांत घालणार आहांत का?" असें त्यांनीं विचारलें. घालीन म्हणतांच म्हणाले, "मग छापल्यावर एक प्रत मला पाठवा."

टिपण मीं लिहिलें आहे. १९३२ च्या कार्तिकांत आजोबांनीं गडग्याबाहेर हौद बांधिला आणि तो रोज भरण्याची व्यवस्था केली, येवढें किर्दीच्या आधारें. आणि गुरुजींच्या आईची हकीकत, त्यांच्या तोंडून ऐकली असें म्हणून. आत्याबाईंस तें वाचून दाखविलें. त्यांनीं एक वाक्य घालण्याचा आग्रह धरला: त्या काळीं गांवांत दुसऱ्या कोणीं तेवढेंहि केलें नाहीं. ह्यास कागदाचा आधार नाहीं, असें मीं म्हटलें. "मग, 'असें घरांत सांगतात' म्हणून घाल," असें त्या म्हणाल्या, आणि तसें घातलें आहे. मुद्रितें अद्याप यावयाचीं आहेत.